चालत जाता येईल अशी शाळा

घरांच्या जाहिरातीत मिनिटं फार स्वस्त असतात. स्टेशन पाच मिनिटं, शाळा तीन मिनिटं, हायवे दोन मिनिटं, आणि मेट्रो तर काय, येणारच असते. ही मिनिटं बहुधा रविवारी पहाटे, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मोटारीत बसून मोजलेली असावीत. सोमवारी आठ वाजता तीच पाच मिनिटं शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहतात, पुलाच्या पायऱ्यांवर चेंगरतात आणि फलाटावर पोचेपर्यंत त्यांची वीस झालेली असतात.

माझ्या भाच्यानं अशा मिनिटांचा एक तक्ता केलाय. लॅपटॉपवर, एक्सेलमध्ये. वर गावांची नावं: मुलुंड, घोडबंदर रोड, ऐरोली, पलावा, डोंबिवली. डाव्या बाजूला शाळा, ऑफिस, पाणी, पार्किंग, हप्ता. प्रत्येक चौकोनात दहापैकी गुण. तो बीकेसीला जातो, भाचेसून ऐरोलीला. मुलगी चार वर्षांची आहे, पुढच्या जूनमध्ये तिला शाळेत घालायचंय. ‘मावशी, तू बघ ना एकदा,’ म्हणाला. बघितलं. बेरीज चोख होती. फक्त कुणाचा वेळ कुणाच्या नावावर खर्ची पडणार, याची ओळ त्यात कुठंच नव्हती. आणि माझ्या मते घर निवडणं म्हणजे मुळात तीच एक ओळ भरणं असतं. बाकीचे रकाने पैशांनी आणि नशिबानं आपोआप भरतात.

मुंबईला उपनगरात राहायला शिकवलं ते प्लेगनं. १८९६ मध्ये साथ आली, मांडवी बंदराच्या दाट वस्तीत माणसं पटापट मेली, आणि माणसाला हवा लागते, उजेड लागतो, हे सरकारला उंदीर मेल्यावर कळलं. १८९८ मध्ये सुधारणा न्यास, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. त्यानं दादर-माटुंग्याच्या बाजूला रुंद रस्ते आखले, दोन इमारतींमध्ये अंतर सोडलं, झाडं लावली. आज हिंदू कॉलनीतून सावलीसावलीनं चालताना त्या साथीची कुणाला आठवण येत नाही. पुढं पार्ल्याला लोक गेले. तिथं १९२१ मध्ये, टिळकांच्या निधनानंतर वर्षभरात, पार्लेकरांनी पार्ले टिळक विद्यालय काढलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. चांगली शाळा आहे म्हणून ही माणसं पार्ल्याला गेली नव्हती. आधी राहायला गेली, मुलं झाली, आणि मुलांना शाळा हवी म्हणून ती उभी केली.

आईबाबा डोंबिवलीला आले ते गिरगावातल्या एका खोलीतून. त्या खोलीत राहणारी माणसं मोजायची झाली तर झोपल्यावर मोजावी लागत. लग्न झालेल्या धाकट्या मुलानं कुठं जायचं? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुनी भाडी जिथल्या तिथं गोठवली होती. त्यामुळे ज्यांच्याकडे खोली होती ते सुखी, आणि ज्यांना नवी हवी होती त्यांना पागडी. भाड्यानं द्यायला घर बांधणं कुणालाच परवडेना. मग मालकीच्या ब्लॉकचे दिवस आले. १९६३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाही झाला. आणि मालकीचा ब्लॉक कारकुनाच्या पगारात बसायचा तो कळव्याच्या खाडीपलीकडेच. रुळांच्या कडेनं मराठी मध्यमवर्ग पुढं सरकत गेला तो असा, कायद्यांनी ढकलत नेलेला. ‘इतक्या लांब?’ असं गिरगावातल्या सगळ्यांनी विचारलं. लांब होतंच. व्हीटीपासून अठ्ठेचाळीस किलोमीटर.

बाबांनी ब्लॉक बघायला गेल्यावर ओटा बघितला नाही, म्हणे. आईला त्याचा राग पुढं कितीतरी वर्षं होता. त्यांनी एजंटाला विचारलं, ‘शाळा कुठाय? आणि मधे रूळ ओलांडावे लागतात का?’ रूळ ओलांडावे लागत नव्हते. मोठा रस्ताही नव्हता. बाबांनी तिथल्या तिथं हो म्हटलं.

त्या दहा मिनिटांच्या वाटेवर मी मोठी झाले. शाळेच्या इमारतीत किती झाले, सांगता येत नाही. फाटकातून बाहेर पडलं की आधी गिरणी. तिथं दुपारी बाजरी दळली जात असली की वास वेगळा, गहू असले की वेगळा. मग घड्याळजींचं टपरीवजा दुकान. त्यांच्या भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायची, खरी वेळ फक्त त्यांच्या मनगटावर. आम्ही रोज विचारायचो आणि ते रोज सांगायचे. पुढं पोळीभाजी केंद्र, तव्यांचा आवाज, खिडकीशी ताटकळलेले डबे. कोपऱ्यावर पावसाळ्यात पाणी साचायचं. ते किती आहे यावर शाळा आहे की नाही ते ठरायचं, आणि ते किती आहे हे आम्ही मुद्दाम मधोमध उतरून बघायचो. दवाखान्याचा कंपाउंडर पायरीवर उभा असायचा. त्याला प्रत्येकाचं नाव, इयत्ता आणि गेल्या खेपेला झालेला आजार ठाऊक. एकदा मैत्रिणीशी भांडून मी दुसऱ्याच गल्लीनं निघाले, तर तिसऱ्या मिनिटाला एका अनोळखी बाईनं हटकलं, ‘तू अमक्यांची ना? इकडं कुठं?’ रागच आला. त्या वयात असल्या बायकांचा राग येतो. आज भाचेसून ज्याला ‘सेफ नेबरहुड’ म्हणते ते म्हणजे त्या बाई.

बाबांची वाट वेगळी. ती उजाडता उजाडता सुरू व्हायची. फास्ट गाडी मिळाली तरी तासाच्या वर प्रवास. मधे १९१६ सालचा पारसिकचा बोगदा. बोगद्यात डबा काळोखा झाला की भजनी मंडळाचा टाळ जरा मोठा वाजतो, असं ते सांगायचे. त्यांचा ग्रुप ठरलेला, डबा ठरलेला, ठाण्यापर्यंत बसायचं कुणी आणि ठाण्यानंतर उठायचं कुणी हेही ठरलेलं. आईही नोकरी करायची. ती सकाळी मुंबईकडं जायच्या आधी उलटी कल्याणला जायची. बसायला जागा मिळावी म्हणून. पुढं जायला आधी मागं जायचं, हे डोंबिवलीत कुणालाही विचित्र वाटत नाही. लेडीज डब्यात भाजी निवडली जायची, दसऱ्याला डब्याला तोरणं लागायची, कुणाचं डोहाळजेवण व्हायचं, हे सगळं खरं आहे. पण त्या तोरणांचं कौतुक करणारे लेख वाचले की मला जरा चीड येते. तोरण लावणाऱ्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी तोरण नको, गाडी वाढवा असं सांगितलं असतं.

आमची दहा मिनिटं त्यांच्या रोजच्या तीन तासांतून आली होती. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि आम्हालाही बरेच दिवस कळलं नाही. शिवाय दोघंही बाहेर असताना मधल्या वेळेचं काय, हा प्रश्न होताच. प्राथमिक शाळा दुपारची, माध्यमिक सकाळची. एका भावंडाचं दप्तर आत येताना दुसऱ्याचं बाहेर जायचं. किल्ली शेजारच्या काकूंकडे. ताप आला तर त्याच काकू. खालच्या मजल्यावर एका मावशींचं पाळणाघर होतं. तिथं मोठी झालेली मुलंसुद्धा शाळा सुटल्यावर उगाच जाऊन बसायची, कारण तिथं मऊ भात असायचा. जमण्याजोगा प्रवास, असं लोक म्हणतात ना, तो गाडीच्या वेळापत्रकानं कधीच जमत नाही. तो जमतो तो दिवसभर गावात मागं राहिलेल्या माणसांमुळं. त्यांचा पगार कुठल्याच रकान्यात धरलेला नसतो.

संध्याकाळी आठनंतर गाव माणसांनी भरायचं. आणि मला नवल वाटतं ते याचं की या थकलेल्या माणसांनीच गाव उभं केलं. त्यांच्याकडे काय होतं? एक रविवार. त्यातही निम्मा पाणी भरण्यात आणि दुरुस्तीत जायचा. उरलेल्या निम्म्यात त्यांनी शाळांच्या समित्या चालवल्या, व्याख्यानमाला चालवल्या, वाचनालयं चालवली. पु. भा. भावे, शं. ना. नवरे याच गावात राहून लिहीत होते. गणेश मंदिर संस्थाननं नववर्षाची स्वागतयात्रा सुरू केली ती १९९९ च्या गुढीपाडव्याला. आता महाराष्ट्रात जिथं तिथं ती निघते. २०१७ मध्ये साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं. पण त्याच गावात रसायनांच्या कारखान्यांचा वास घरात येतो, स्फोट झाले, माणसं गेली, आणि पाण्याचे टँकर अजूनही येतात. नगररचना म्हणून डोंबिवली ही चुकांची जंत्रीच आहे. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून जमलेली पोरं बघून मात्र मला दर वर्षी या गावाला माफ करावंसं वाटतं.

नीट विचार करून आखलेलं गाव कसं असतं, तेही जवळच बघायला मिळतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’च्या अंकात मांडलेली कल्पना साधी होती: मुंबई उत्तरेला ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे दुसरं शहर वसवा, आणि घरांबरोबर नोकऱ्याही तिकडं न्या. ते वसवायला १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. सेक्टर पडले. शाळा, बाजार, बाग पायी अंतरावर. माझी एक मैत्रीण वाशीत वाढली. तिच्या शाळेची वाट रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना फुटपाथ. मला तिचा हेवा वाटायचा. मात्र सरकारी कचेऱ्या काही त्या प्रमाणात नरिमन पॉइंटवरून हलल्या नाहीत. तिचे वडील बसनं खाडी ओलांडत राहिले. रेल्वे वाशीला पोचली ती १९९२ मध्ये. आखणी करणाऱ्यांनी मुलांची दहा मिनिटं बरोबर दिली होती, बापाचे तीन तास वाचवणं मात्र त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

नोकऱ्या आल्या, पण उशिरा, आणि वेगळ्याच. ऐरोलीला काचेच्या इमारती झाल्या. २००४ पासून ठाणे-वाशी गाड्या धावू लागल्या, आणि आता डोंबिवलीहून ठाण्याला येऊन, पूल चढून, ऐरोलीची गाडी पकडणाऱ्यांची गर्दी असते. भाचेसून त्यातलीच एक व्हायच्या बेतात आहे. ज्या शहरात कामासाठी लांब जावं लागू नये असं ठरलं होतं, तिथं लांबून कामाला यायचं.

एक्सेलमधला खरा घोटाळा मला इथं दिसतो. बाबांची बँक आयुष्यभर फोर्टातच होती. त्यांना प्रवास निवडता आला, कारण त्याचं दुसरं टोक पक्कं होतं. भाच्याचं ऑफिस आज बीकेसीत आहे. त्याआधी पवईत होतं, मधे घरातल्या जेवणाच्या टेबलावर होतं, उद्या हिंजवडीला गेलं तर कोण विचारतंय? ‘ऑफिसपासून अंतर’ या चौकोनात तो जे गुण देतोय ते ऑफिसच्या पत्त्याला देतोय, आणि तो पत्ता त्याच्या घराचे हप्ते फिटायच्या आधी बदलणार. शाळा दहा-बारा वर्षं तिथंच राहते. दोन्हीतली एकच गोष्ट पक्की धरता येत असेल तर ती शाळा आहे, असं मी त्याला सांगितलं. त्यानं शाळेच्या ओळीला दुप्पट वजन दिलं आणि सगळी बेरीज पुन्हा काढली. शिस्तीचा मुलगा आहे.

पण शाळा म्हणजे कुठली? तक्त्यातल्या पहिल्या नंबरची शाळा घरापासून आठ किलोमीटरवर, शिळफाट्याच्या बाजूला. पिवळी बस सकाळी सहा चाळीसला गेटपाशी. म्हणजे चार वर्षांच्या मुलीला साडेपाचला उठवायचं. आमच्या वेळी मोठ्यांनी प्रवास केला तो लहानांना करायला लागू नये म्हणून. आता लहानांचाही पास निघतो. आणि घराच्या मागच्या गल्लीत जी शाळा आहे, मराठी, चाळीस-पन्नास वर्षांची, मैदान असलेली, तिच्या तुकड्या दर वर्षी कमी होतात. शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलंय. मुलाच्या पायांना किती चालवेल हे नियम करणाऱ्याला कळलं होतं. पालकांना ते कळत नाही असं मी म्हणणार नाही. त्यांना इंग्रजीची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. मी स्वतः मराठी शाळेतली. पहिल्या नोकरीत मीटिंगमध्ये तोंड उघडायला मला बरेच महिने लागले. पण सेमी इंग्रजीचा वर्ग आणि चालत येणं-जाणं असं जिथं मिळत असेल, तिथं आठ किलोमीटरची बस कशासाठी, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

भाचा आणि भाचेसुनेबरोबर मीही एका संकुलात गेले. चकाचक. तळमजल्यावर पोहण्याचा तलाव, सायकलींचा ट्रॅक, हिरवळीवर ‘चालू नये’. सॅम्पल फ्लॅटमध्ये मुलांच्या खोलीत ग्रहमाला टांगलेली. सेल्समन अदबशीर होता. भाचेसून सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘संध्याकाळी पाच वाजता इथं खाली कोण असतं?’ तो म्हणाला, ‘सिक्युरिटी चोवीस तास असते, मॅडम.’ ‘तसं नाही. माणसं कोण असतात?’ त्यानं आठवून पाहिलं आणि खरं उत्तर दिलं, याचं मला कौतुक वाटलं: ‘मेड असतात. लहान बाळांना घेऊन.’ पोरगी तोवर भाच्याच्या खांद्यावर झोपली होती. परतताना काटई नाक्याला मोटारींची रांग, आणि पुढच्या मोटारीच्या मागं चिकटवलेलं ‘मेट्रो लवकरच’ असं कुठल्याशा प्रकल्पाचं पत्रक.

प्रवासाबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेली माणसं पडली. काहींचा जीव गेला. दारात उभं राहणं हा त्यांचा शौक नव्हता. आत शिरायला जागा नव्हती. डोंबिवलीच्या पलीकडच्या, कल्याण, अंबरनाथ, बदलापूरच्या गर्दीनं आता गाडी डोंबिवलीला येण्याआधीच भरलेली असते. आईचं कल्याणला उलटं जाणं आज चालेल की नाही, शंकाच आहे. त्या दिवशी ताईनं, म्हणजे भाच्याच्या आईनं, तीनदा फोन करून तो कुठं आहे ते विचारलं. तो घरीच होता. तक्त्यात यासाठी ओळ करता येत नाही, पण दहापैकी किती गुण कापायचे ते प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि तरी सकाळी सगळे फलाटावर असतात.

भाचेसुनेनंच शेवटी एक काढलं. विकत घ्यायच्या आधी डोंबिवलीला पूर्वेकडं, एका चालत्या-बोलत्या गल्लीत, वर्षभर भाड्यानं राहायचं. शाळा सात मिनिटांवर. तिनं मुलीला चालवत नेऊन बघितलं, मधल्या भूभूंसकट. बीकेसीची वाट भाच्याला जड जाणार, तिला ऐरोली जरा सोपी. दोघांच्याही ऑफिसनं आठवड्यातून दोन-दोन दिवस घरून काम दिलंय, ते त्यांनी वेगवेगळ्या दिवशी वाटून घेतलेत, म्हणजे दुपारी घरात कुणीतरी असेल असे चार दिवस झाले. पाचव्या दिवसाचं अजून ठरलं नाही. खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांच्याशी तिचं बोलणं चाललंय. आजी तयार आहेत, त्यांची सून नाही.

एक्सेल भाच्यानं जपून ठेवलंय. ताईला हे काही पटलेलं नाही. भाड्याचे पैसे म्हणजे पाण्यात, तेवढ्याच पैशांत हप्ता भरला असता, वर्षभरात भाव कुठं जातील, असं ती रोज फोनवर ऐकवते, आणि हिशेब तिचा अगदीच चूक नाही. भाचेसून ऐकून घेते. जूनमध्ये शाळा सुरू होऊ दे, जुलैत गल्लीत पाणी कुठपर्यंत चढतं ते बघू दे, मग बोलू, म्हणते. करार अकरा महिन्यांचा आहे. नोंदणी परवा झाली, चावी एक तारखेला मिळेल, आणि सामान हलवायला टेम्पो कुणाचा सांगायचा यावरून आता मायलेकांत नवं भांडण सुरू झालंय.